तुकडा पुरेसा आहे ना?

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाची फाइल चाळली, तर आपल्याकडे पहिल्या काही पानांवर फार वेळा टीबीची औषधं सापडतात. खोकला, बारीक ताप, उतरलेलं वजन आणि एक्स-रेवर एक डाग. एवढ्यावर टीबीचा कोर्स सुरू होतो, दोन-तीन महिने जातात, डाग वाढतो आणि मग कुणीतरी सीटी स्कॅन करायला सांगतं. यात सगळा दोष डॉक्टरांचा नाही. आपल्या देशात टीबी इतका आहे, की डाग दिसला की आधी तोच आठवतो, आणि बहुतेक वेळा तो टीबीच निघतो. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या निदानात गेल्या वीस वर्षांत फार मोठी मजल मारली गेली. श्वासनलिकेच्या आतून सोनोग्राफी करत सुई घालता येते, रक्ताच्या दोन नळ्यांतून गाठीतला जनुकीय बदल शोधता येतो, एक्स-रे वाचायला संगणक मदत करतो. पण या सोयी रुग्ण योग्य दारात पोचल्यानंतरच्या. वेळ वाया जातो तो त्याआधी, आणि दुसऱ्यांदा जातो तो बायोप्सीचा तुकडा अपुरा पडल्यावर. या दोन्ही ठिकाणी घरच्यांनी वेळेवर विचारलेला एक प्रश्नही उपयोगी पडतो. म्हणून हा लेख रुग्णासाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या मुलासाठी, सुनेसाठी किंवा पुतण्यासाठी आहे, ज्याच्या हातात रिपोर्टांची पिशवी असते.

टीबीचा पुरावा काय?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, हा सरकारी टीबी कार्यक्रमाचा नियम आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या चाचण्या टीबीच्या जंतूची जनुकीय ओळख पटवतात. यंत्रावर काही तासांत उत्तर मिळतं आणि सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. (ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीचं, जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला २०२० मध्ये मान्यता दिली.) त्यामुळे टीबीची औषधं सुरू करताना विचारायचा पहिला प्रश्न सोपा आहे: थुंकीत जंतू सापडले का?

सापडले असतील तर कोर्स नीट पूर्ण करायचा. सापडले नसतील आणि तरीही अंदाजानं औषधं सुरू केली असतील, तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून घ्या. ताप गेला का, वजन वाढतंय का, डाग लहान झाला का? तिन्हींचं उत्तर नकारार्थी असेल तर सहा महिने संपण्याची वाट पाहू नका, छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन सीटी स्कॅनचा विषय काढा. औषधं मात्र आपल्या मनानं थांबवू नका. टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत असू शकतात आणि जुन्या टीबीच्या व्रणाजवळ कॅन्सर उद्भवल्याचीही उदाहरणं आहेत.

काही लक्षणांना मात्र दोन महिनेही द्यायचे नसतात. थुंकीतून रक्त पडणं, तीन आठवडे बसलेला आवाज, खांद्यातून हातात उतरणारं आणि गोळ्यांना न जुमानणारं दुखणं, सकाळी चेहरा आणि मान सुजणं, नखांचा फुगीर घुमटासारखा झालेला आकार, आणि वर्षभरात फुफ्फुसाच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. खांदादुखीचे रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे महिनोन् महिने शेक घेत राहतात. ज्या डॉक्टरांकडे असाल, त्यांना एकदा छातीचा फोटो काढू का, असं विचारून पाहा.

‘त्यांनी तर आयुष्यात बिडीला हात लावला नाही’ या वाक्यामुळेही बराच उशीर होतो. टाटा स्मारक रुग्णालयातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं. दुसऱ्यांच्या सिगारेटचा धूर, घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर, अॅस्बेस्टॉस, शहरातली हवा, ही सगळी कारणं सिद्ध झालेली आहेत; बाहेरच्या हवेचं प्रदूषण हे कॅन्सरचं कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये जाहीर केलं. तंबाखू हे आजही सर्वांत मोठं कारण आहे, पण तंबाखू न खाणारी, न ओढणारी पन्नाशीची बाई दोन महिने खोकत असेल, तर तिची चौकशी तेवढ्याच गांभीर्यानं व्हायला हवी. पुढे येईलच, की उपचाराच्या दृष्टीनं तिचं निदान नीट होणं अधिकच मोलाचं असतं.

एक्स-रे, सीटी आणि जुने फोटो

साधा एक्स-रे स्वस्त आहे, तालुक्याला मिळतो, पण तो साफ आला म्हणजे फुफ्फुस साफ, असं नाही. हृदयाच्या मागे, गळपट्टीच्या हाडामागे किंवा अगदी तळाशी असलेली गाठ त्यात लपते. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पाच रुग्णांतल्या साधारण एकाचा एक्स-रे ती दाखवत नाही. संगणकानं एक्स-रे वाचण्याची सोय आता आली आहे. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली त्यातलीच एक, टीबीबरोबर संशयास्पद गाठीही ती दाखवते. जिथे रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदाच येतो तिथे हिचा फायदा स्पष्ट आहे. तरी ती बोट दाखवते, निदान करत नाही. आणि मूळ फोटोतच जे उमटलेलं नाही, ते तिलाही दिसणार नाही.

सीटीमध्ये काही मिलिमीटरची गाठही दिसते. पण आपल्या छातीत जुन्या टीबीचे, बुरशीचे, धुळीचे कितीतरी ठिपके असतात. म्हणून रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’ वाचून रात्रभर जागू नका. आकार, कडा, आत चुना साठलाय का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती गाठ वाढते आहे का, यावरून डॉक्टर ठरवतात. इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. १० मिलिमीटरची गोल गाठ १२.६ मिलिमीटर झाली, की तिचं आकारमान दुप्पट झालेलं असतं. डोळ्यांना जवळजवळ काहीच फरक जाणवत नाही, पण दोन स्कॅन शेजारी ठेवले की कळतो. याउलट, पूर्ण घट्ट गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल, तर ती बहुधा निरुपद्रवी असते.

त्यामुळे कपाटावरच्या जुन्या पिशव्या खाली काढा. पाच वर्षांपूर्वी मोतिबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेला छातीचा एक्स-रे, कोविडच्या वेळचा सीटी, नोकरीतली वार्षिक तपासणी, काहीही चालेल. एका जुन्या फोटोनं बायोप्सी टळलेले रुग्ण आहेत आणि बायोप्सी तातडीनं ठरलेलेही. नवा सीटी काढाल तेव्हा छापील फिल्मबरोबर सीडी किंवा डिजिटल फाइल मागून घ्या; दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना सगळे काप बघायचे असतात, निवडक वीस नव्हे.

काही त्रास नसताना स्कॅन करावा का?

अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या, खूप धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांचे वर्षातून एकदा, असे तीनदा, कमी किरणांचे सीटी काढले, उरलेल्यांचे एक्स-रे. २०११ मध्ये निकाल आला: सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. नंतर युरोपातल्या अभ्यासानंही फायद्याला दुजोरा दिला. इंग्लंडमध्ये तर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये स्कॅनच्या गाड्या उभ्या राहतात आणि सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या लोकांना बोलावून तपासतात.

मग आपणही सगळ्यांनी करून घ्यावा का? माझं मत, नाही. त्याच अमेरिकी अभ्यासात जवळपास चौथ्या हिश्श्याच्या स्कॅनवर काहीतरी संशयास्पद दिसलं होतं, आणि त्यातल्या ९६ टक्के वेळा ते कॅन्सर नव्हतं. टीबीचे व्रण घरोघरी असलेल्या आपल्या देशात संशयाचं हे प्रमाण आणखी वाढणार. त्यापाठोपाठ पुन्हा स्कॅन, सुया आणि खर्च. पण पन्नाशीपुढचा, वीस वर्षं रोज एक पाकीट किंवा दहा वर्षं रोज दोन पाकिटं सिगारेट ओढलेला माणूस असेल, अजून ओढत असेल किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडली असेल, तर त्यानं छातीच्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं. अमेरिकेतला सध्याचा निकष साधारण हाच आहे. बिडी ओढणाऱ्यानं ‘बिडीत तंबाखू कमी’ म्हणून स्वतःला यातून वगळू नये. ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. सोसायटीच्या शिबिरात किंवा ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या पॅकेजमध्ये रक्तातले कॅन्सर मार्कर असतात. त्यांवर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान होत नाही, आणि ते नॉर्मल आल्यानं कॅन्सर नाही असंही ठरत नाही. ते पैसे वाचवा.

सुई लावली की पसरतो?

बायोप्सीची भीती अजून गेलेली नाही. सुई लावल्यानं कॅन्सर चवताळतो, असं शेजारपाजारचे सांगतात आणि रुग्ण नकार देऊन जडीबुटीकडे वळतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा प्रकार अतिशय विरळ आहे. उलट तुकड्याशिवाय ना कॅन्सर सिद्ध होतो, ना औषध ठरतं. सीटीत बघून छातीतून सुई घालतात तेव्हा खरा धोका वेगळा असतो: फुफ्फुसाभोवती हवा शिरते. हे दर पाच-सहा रुग्णांतल्या एखाद्याला होतं, बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवून भागतं, थोड्यांना नळी टाकावी लागते. म्हणून बायोप्सीनंतर काही तास थांबवून एक्स-रे काढतात. घाई करून निघू नका, आणि घरी गेल्यावर अचानक दम लागला तर लगेच परत या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, अगदी रोजची इकोस्प्रिनसुद्धा, तर तारीख ठरवतानाच सांगा.

गाठ कुठे आहे त्यावर तुकडा कुठून घ्यायचा ते ठरतं. कडेला असेल तर छातीतून सुई. श्वासनलिकेत असेल तर दुर्बीण, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी. आणि छातीच्या मधोमध, श्वासनलिकेला चिकटलेल्या ग्रंथी तपासायच्या असतील तर ईबस. या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर बघत तिच्यात सुई घालतात. पूर्वी यासाठी भूल देऊन गळ्याखाली छेद घ्यावा लागे. आता रुग्ण बहुधा त्याच संध्याकाळी घरी जातो. मान किंवा हसळीजवळ गाठ हाताला लागत असेल तर आधी तीच तपासा. सर्वांत सोपा तुकडा बहुतेकदा तिथूनच मिळतो.

ईबसचा आपल्याकडे विशेष उपयोग आहे, आणि तो पेट स्कॅनमुळे. पेटमध्ये किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या चमकतात. कॅन्सर चमकतो, तसाच टीबीही चमकतो. छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथी चमकल्या म्हणून ‘पसरलाय, ऑपरेशन नाही’ असा निष्कर्ष काढला आणि त्या ग्रंथी टीबीच्या निघाल्या, तर बरा होऊ शकणारा माणूस ऑपरेशनला मुकतो. म्हणून फक्त ग्रंथींमुळे ऑपरेशन नाकारलं जात असेल, तर स्पष्ट विचारा: या ग्रंथींत सुई घालून बघितलंय का? (मधुमेह्यांनी पेटच्या आधी साखर आटोक्यात आणावी, नाहीतर स्कॅन धूसर येतो आणि पैसे वाया जातात.)

छातीत पाणी झालं असेल तर ते काढतात. पहिल्यांदा काढलेलं पाणी टीबीच्या तपासणीला जातं आणि उरलेलं ओतून दिलं जातं. हे होऊ देऊ नका. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असू शकतात. भरपूर पाणी पॅथॉलॉजीला पाठवून त्याचा सेल ब्लॉक, म्हणजे पेशींचा मेणात बसवलेला ठोकळा, बनवायला सांगा. पाण्यात पुरेशा पेशी मिळाल्या तर पुढच्या जनुकीय चाचण्यासुद्धा त्यावर होतात आणि एक सुई वाचते.

आणखी एक गोष्ट अगदी साधी, पण तिच्यामुळे प्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागल्याची उदाहरणं आहेत. लहान गावांत तुकड्याची बाटली नातेवाईकच लॅबमध्ये नेऊन देतात. पॅथॉलॉजीसाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये हवा. टीबीच्या जंतूंची वाढ तपासायची असेल तर दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये हवा; फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. आपल्याकडे दोन्ही शंका असतात, तेव्हा दोन बाटल्या आहेत का, हे थिएटरच्या दारातच बघून घ्या.

कॅन्सर आहे, पण कुठला?

रिपोर्टवर ‘कॅन्सर’ लिहून आलं की घरच्यांना वाटतं निदान संपलं. वीस वर्षांपूर्वी ते बऱ्याच अंशी खरं होतं: छोट्या पेशींचा की इतर, एवढं कळलं की केमो ठरे. २००४ मध्ये ईजीएफआर या जनुकातला बदल काही रुग्णांच्या गाठीत सापडला आणि एक विशिष्ट गोळी त्यांनाच का लागू पडते, ते उलगडलं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी आल्क या जनुकाची वेगळी गडबड शोधली, तिच्यावरही गोळ्या आल्या. मग रॉस-वन, ब्राफ, मेट, रेट अशी यादी वाढत गेली. अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात भारतीय रुग्णांत साधारण चौघांतल्या एकाच्या गाठीत ईजीएफआरचा बदल सापडतो. धूम्रपान न केलेल्या स्त्रियांत आणखी जास्त. आजार पसरलेला असला तरी अशा रुग्णाला बहुधा केमोऐवजी रोजच्या गोळीनं सुरुवात करता येते. वर म्हटलेली ती पन्नाशीची बाई आठवा.

पण या सगळ्या चाचण्या त्याच एका तुकड्यावर करायच्या असतात, आणि सुईचा तुकडा शेवयाच्या काडीएवढा असतो. त्यातला बराचसा भाग कॅन्सरचा प्रकार ठरवतानाच संपतो. म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारा: जनुकीय तपासण्यांना पुरेल एवढा तुकडा घेणार ना? शक्य असेल तर एकाऐवजी तीन-चार तुकडे घेतले जातात. पॅथॉलॉजिस्टना चिठ्ठीवर ‘जनुकीय चाचणीसाठी जपून वापरा’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं असावं. एकेक जनुक वेगळं तपासण्यापेक्षा आता एनजीएस नावाच्या एकाच चाचणीत अनेक जनुकं एकदम बघतात. तुकडा वाचतो, वेळ मात्र दोन-तीन आठवडे लागतो. बरोबरीनं पीडी-एल-वन ही चाचणी इम्युनोथेरपीचा कितपत उपयोग होईल याचा अंदाज देते.

रिपोर्ट येईपर्यंतचे हे आठवडे जिवावर येतात. रुग्णाला फार दम लागत असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि ते योग्यच. पण तब्येत बरी असेल, तर ‘लगेच काहीतरी सुरू करा’ असा आग्रह धरू नका. विशेषतः इम्युनोथेरपी आधी देऊन नंतर ईजीएफआरची गोळी सुरू करावी लागली, तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण काढली असली तरी ही तपासणी निरर्थक ठरत नाही. ठरावीक टप्प्यांत ईजीएफआरची गोळी त्यानंतरही देतात.

तुकडा अपुरा पडला किंवा रुग्ण सुई सोसण्याच्या स्थितीत नसला, तर रक्तातली चाचणी आहे. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे कण रक्तात येतात, ते शोधायचे. हिलाच लिक्विड बायोप्सी म्हणतात. अमेरिकेत ईजीएफआरसाठी अशा चाचणीला २०१६ मध्ये पहिल्यांदा मान्यता मिळाली आणि आता ती भारतातल्या मोठ्या लॅबमध्ये होते. तिचा निकाल वाचायची एक रीत आहे. बदल सापडला तर तो बहुधा खरा. सापडला नाही तर ‘नाही’ असं ठरत नाही; गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल, मग तुकड्याकडे परतावं लागतं. कॅन्सर आहे की नाही हे ठरवण्यासाठी निरोगी माणसानं ही चाचणी करू नये. ‘एका थेंबात सगळे कॅन्सर’ अशा जाहिराती या चाचणीचं नाव घेतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

प्रकार कळला की टप्पा. पेट-सीटी आणि बऱ्याच जणांना मेंदूचा एमआरआय, कारण मेंदूतली छोटी गाठ पेटमध्ये नीट दिसत नाही.

खर्चाबद्दल दोन शब्द. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, पण बाहेरून केलेले स्कॅन आणि जनुकीय चाचण्या अनेकदा खिशातूनच जातात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. चाचण्या करण्याआधी त्याला भेटा, नंतर नाही. काही जनुकीय चाचण्या औषध कंपन्यांच्या योजनांतून फुकट किंवा स्वस्तात होतात, ऑन्कॉलॉजिस्टच्या मदतनिसाकडे चौकशी करा.

आणि ‘त्यांना सांगू नका हं, खचतील’ हे डॉक्टरांना कानात सांगण्यापूर्वी थांबा. बायोप्सीला, पुन्हा बायोप्सीला, रोजच्या गोळीला होकार त्यांनाच द्यायचा असतो. छातीत दुर्बीण कशासाठी घालताहेत हे ठाऊक नसलेला माणूस दुसऱ्यांदा नाही म्हणतो, आणि त्याचं काय चुकलं?

दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात किंवा आणखी कुठे जाणार असाल, तर नुसते रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, अर्ज देऊन घ्या. तो मिळवणं हा रुग्णाचा हक्क आहे. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच जुळवून बघा. गाडीच्या टपावर किंवा उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. नव्या रुग्णालयात जमा कराल तेव्हा पावती घ्या आणि काम झाल्यावर परत मागा. वर्ष-दोन वर्षांनी गोळीचा असर कमी झाला आणि पुन्हा तपासणीची वेळ आली, तर त्या ब्लॉकची गरज पडू शकते.